बोर्ड वेगळा, लॅपटॉप वेगळा: क्रॉस टूलचेन आतून समजून घेताना

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतलं एक छोटं युनिट डोळ्यांपुढे आणा. शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारं यंत्र तिथे तयार होतंय. पेटीच्या आत रास्पबेरी पाय झीरो हा लिनक्स चालवणारा छोटा संगणक-बोर्ड, आरएस-४८५ या पद्धतीच्या तारेवर काही सेन्सर आणि दर मिनिटाला तापमान लिहून ठेवणारा सी भाषेतला प्रोग्राम. प्रोग्राम लॅपटॉपवर लिहिला, लॅपटॉपवरच कंपाइल केला, तिथे तो नीट चालला. तीच फाइल बोर्डावर नेऊन चालवली की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ एवढी एक ओळ येते आणि पुढे काहीच होत नाही.

कारण साधं आहे. लॅपटॉपमधला इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर एक्स८६-६४ या घराण्यातला, बोर्डावरचा एआरएम घराण्यातला. दोन आकड्यांची बेरीज दोघांनाही येते, पण ‘बेरीज कर’ हा हुकूम दोघांकडे वेगवेगळ्या बिटांत लिहिला जातो. लॅपटॉपवरचा नेहमीचा कंपायलर लॅपटॉपचेच हुकूम लिहितो. आपल्याला हवा आहे तो स्वतः लॅपटॉपवर चालणारा, पण हुकूम बोर्डाचे लिहिणारा कंपायलर. हाच क्रॉस-कंपायलर. त्याच्या जोडीला असेंब्लर (हुकूम बिटांत उतरवणारा), लिंकर (तुकडे जोडून एक फाइल करणारा), लायब्ररी (तयार फंक्शनांचे संच), हेडर (त्या फंक्शनांची ओळख सांगणाऱ्या फाइली) अशी जी सामग्री लागते, ती सगळी मिळून टूलचेन.

मग बोर्डावरच कंपाइल का करू नये? लहान कामासाठी खुशाल करावं. पाय झीरोत १ गिगाहर्ट्झचा एकच कोअर आणि ५१२ एमबी रॅम असते. छोटा सी प्रोग्राम तिथे आरामात तयार होतो. सी++ चा मोठा प्रकल्प मात्र तासन्‌तास रेंगाळतो आणि बऱ्याचदा मेमरी संपून मध्येच बंद पडतो. मायक्रोकंट्रोलरच्या बाबतीत तर पर्यायच नाही. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम असते, तिथे कंपायलर ठेवणार कुठे? म्हणजे आर्डुइनोचं ‘अपलोड’ बटण ज्यांनी ज्यांनी दाबलंय, त्या सगळ्यांनी एव्हीआर-जीसीसी नावाचा क्रॉस-कंपायलर आधीच वापरलेला आहे. तो बटणामागे झाकलेला असतो, इतकंच.

बडोद्यात अभियांत्रिकी शिकणारी मुलं, मग ती कलाभवनात (महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत) असोत की शहराबाहेरच्या कॉलेजांत, या प्रश्नाशी बहुधा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात पहिल्यांदा झुंजतात. कुठून तरी चार आज्ञा उतरवून घेतात, काम निघालं तर ठीक, नाही तर बोर्ड बदलतात. मला यातलं एकच म्हणणं मनापासून मांडायचं आहे. कंपायलर मिळवणं हा यातला सोपा भाग आहे. खरं काम पुढे आहे. बोर्डावरच्या लायब्ररी, तिथली हेडर, तिथला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि फंक्शनला आकडे कुठल्या रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या आकडे ठेवायच्या जागांतून) द्यायचे याचे तिथले करार, हे सगळं लॅपटॉपवर जसंच्या तसं मांडायचं आणि लॅपटॉपचं स्वतःचं सामान त्यात शिरू द्यायचं नाही. हे समजलं की एरर कुठून येते ते दिसायला लागतं.

आज्ञांची आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलवर ती रोमन लिपीत टाइप करायची आहेत.

आधी बोर्ड ओळखा

टूलचेन उतरवून घेण्याआधी बोर्डावर जाऊन तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: प्रोसेसर नेमका कोणता, त्यावरची प्रणाली ३२ बिटांची की ६४, आणि तिथली सी लायब्ररी कोणत्या आवृत्तीची.

पहिल्यासाठी ‘यूनेम -एम’ ही आज्ञा सगळ्यांना माहीत असते. पाय झीरोवर ती ‘एआरएमव्ही६एल’ असं उत्तर देते, ६४ बिटांच्या प्रणालीवर ‘एएआर्च६४’. पण एवढ्यावर विसंबू नका. यूनेम कर्नलबद्दल सांगतं, त्यावर चालणाऱ्या बाकी प्रणालीबद्दल नाही. रास्पबेरी पायच्या नव्या बोर्डांवर ३२ बिटांची प्रणाली टाकली तरी खाली कर्नल ६४ बिटांचा असू शकतो. तेव्हा यूनेम ‘एएआर्च६४’ म्हणतं, तुम्ही विश्वासाने ६४ बिटांचा प्रोग्राम बनवता आणि तो चालत नाही. ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ विचारलं की ३२ किंवा ६४ असं सरळ उत्तर मिळतं. ‘एलडीडी --व्हर्जन’ने सी लायब्ररीची आवृत्ती कळते. ती नक्की लिहून ठेवा, पुढे तिचीच गरज सर्वांत जास्त पडते.

बोर्डाच्या नावावरही जाऊ नका. २०१५ साली आलेला पाय झीरो एआरएमव्ही६ चा, एका कोअरचा, ३२ बिटांचा. २०२१ साली आलेल्या पाय झीरो २ डब्ल्यूमध्ये चार कोअरचा ६४ बिटांचा कॉर्टेक्स-ए५३. नाव जवळपास तेच, आकार तोच, टूलचेन मात्र वेगळी.

नावातली माहिती

क्रॉस-कंपायलरची नावं लांबलचक असतात, पण त्यांतला प्रत्येक तुकडा काहीतरी सांगतो. ‘एआरएम-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ-जीसीसी’ घ्या. पहिला तुकडा प्रोसेसरचं घराणं. दुसरा ऑपरेटिंग सिस्टिम. तिसऱ्यात ‘ग्नू’ म्हणजे जीलिबसी ही सी लायब्ररी, ‘ईएबीआय’ म्हणजे फंक्शनांनी एकमेकांना हाक कशी मारायची याचा एआरएमचा करार आणि शेवटचं ‘एचएफ’ म्हणजे हार्ड फ्लोट. चौथा तुकडा, जीसीसी, हे कंपायलरचं नाव. हार्ड फ्लोटमध्ये दशांश आकडे फ्लोटिंग पॉइंटच्या खास रजिस्टरांतून फंक्शनकडे जातात. ‘एचएफ’ नसलेल्या जुन्या करारात तेच आकडे साध्या पूर्णांकाच्या रजिस्टरांतून जातात. एका बाजूने एका जागी ठेवलेला आकडा दुसरी बाजू दुसऱ्याच जागी शोधत बसेल, म्हणून या दोन प्रकारच्या फाइली लिंकर सहसा एकत्र जोडूच देत नाही. ते बरंच आहे.

‘एआरएम-नन-ईएबीआय’मधलं ‘नन’ सांगतं की खाली ऑपरेटिंग सिस्टिमच नाही. हा कॉर्टेक्स-एम मायक्रोकंट्रोलरसाठी, आणि त्याच्यासोबत बहुधा न्यूलिब ही छोटी सी लायब्ररी येते. एआरएमचाच आहे म्हणून हा कंपायलर घेऊन लिनक्स बोर्डाचा प्रोग्राम बांधायला बसलात तर सॉकेट, थ्रेड वगैरेंची हेडरच सापडणार नाहीत. ही गल्लत फार मुलं करतात. नाव ‘मसल’ने संपत असेल तर जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी आहे असं समजा.

रिस्क-व्ही घराण्यात आणखी एक पायरी आहे. तिथे प्रोसेसरला कोणकोणते हुकूम येतात ते अक्षरांनी सांगतात: ‘आय’ म्हणजे पूर्णांकांचे मूळ हुकूम, ‘एम’ म्हणजे गुणाकार-भागाकार, ‘ए’ म्हणजे अटॉमिक (मध्येच कोणी शिरू शकणार नाही असे) हुकूम, ‘एफ’ आणि ‘डी’ म्हणजे दशांश आकडे, ‘सी’ म्हणजे आखूड रूपातले हुकूम. म्हणून ‘आरव्ही३२आयएमएसी’ एवढ्या नावातच चिपला कोणते हुकूम येतात त्याचं वर्णन होतं. कंपायलरला ‘-एमआर्च’ या पर्यायात ते द्यावं लागतं आणि ‘-एमएबीआय’मध्ये त्याच्याशी जुळणारा करार.

याच ठिकाणी बिल्ड, होस्ट आणि टार्गेट हे तीन शब्द भेटतात. बिल्ड म्हणजे जिथे बांधकाम चाललंय ते यंत्र. होस्ट म्हणजे बांधलेली वस्तू जिथे चालेल ते यंत्र. टार्गेट हा शब्द फक्त कंपायलरसारख्या वस्तूंना लागू होतो: त्या वस्तूने कोणासाठी हुकूम लिहायचे ते यंत्र. आता तापमान नोंदवणाऱ्या आपल्या प्रोग्रामला हे लावून बघा. तो स्वतः कोणासाठीच हुकूम लिहीत नाही, त्यामुळे त्याला टार्गेट नाही. त्याचा होस्ट म्हणजे बोर्ड. म्हणून कुठलीही साधी लायब्ररी बोर्डासाठी बांधताना ‘कॉन्फिगर’ला (सोर्ससोबत येणाऱ्या, बांधणीची तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला) ‘--होस्ट’मध्ये बोर्डाचं नाव द्यायचं. ‘टार्गेट बोर्ड’ असं आपण बोलण्यात म्हणतो, आणि त्याच सवयीने बरेच जण ‘--टार्गेट’ लिहितात. कॉन्फिगर ते मुकाट्याने ऐकून घेतं आणि लॅपटॉपचीच फाइल बनवून देतं.

बिल्ड, होस्ट आणि टार्गेट ही तिन्ही यंत्रं वेगवेगळी असली तर त्याला ‘कॅनेडियन क्रॉस’ म्हणतात. उदाहरणार्थ, लिनक्सवर बसून असा कंपायलर बांधायचा जो विंडोजवर चालेल आणि एआरएमसाठी हुकूम लिहील. या प्रकाराची चर्चा चालू होती तेव्हा कॅनडात राष्ट्रीय पातळीवरचे तीन राजकीय पक्ष होते, त्यावरून हे नाव पडलं.

कोण आधी, कोण नंतर

टूलचेन शून्यातून बांधताना एक विचित्र पेच येतो. जीसीसीला पूर्ण व्हायला बोर्डाची सी लायब्ररी लागते, कारण त्याच्यासोबतची सी++ ची लायब्ररी त्याच पायावर उभी असते. आणि सी लायब्ररी ही स्वतःच सी भाषेतला मोठा प्रोग्राम. ती कंपाइल करायला बोर्डासाठी हुकूम लिहिणारा जीसीसी हवा. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

यातून सुटका होते ती जीसीसी दोनदा बांधून. सर्वांत आधी बायनयूटिल्स, म्हणजे असेंब्लर, लिंकर आणि फाइली तपासण्याची अवजारं. त्यांना सी लायब्ररी लागत नाही. फक्त टार्गेटचं नाव आणि कुठे बसवायचं ती जागा सांगावी लागते. जीसीसी आपल्या बांधणीच्या वेळी याच असेंब्लरला काय काय येतं ते तपासून पाहतो, म्हणून हे पहिल्यांदा. मग लिनक्स कर्नलच्या सोर्समधून हेडर काढायची, ‘मेक हेडर्स_इन्स्टॉल’ या आज्ञेने. सिस्टिम कॉलचे (प्रोग्रामने कर्नलकडे करायच्या मागण्यांचे) क्रमांक आणि रचना यांतूनच सी लायब्ररीला कळतात. इथे एक जपून करायची गोष्ट: जीसीसी ज्याला ‘एएआर्च६४’ म्हणतो त्याला कर्नल ‘एआरएम६४’ म्हणतो. दोन्हीकडे एकच नाव दिलं तर चालत नाही.

त्यानंतर पहिला, अर्धा जीसीसी: फक्त सी भाषा, थ्रेड नाहीत, शेअर्ड लायब्ररी नाहीत, कुठलीही हेडर गृहीत धरलेली नाहीत. हा एवढ्याच कामाचा की त्याने जीलिबसी कंपाइल करावी. जीलिबसी तयार झाली की तिच्या आधाराने दुसरा, पूर्ण जीसीसी बांधायचा, सी++ सकट. पहिला तेव्हा टाकून दिला तरी चालतो.

या सगळ्यात लिबजीसीसी नावाची एक छोटी लायब्ररी मागे उभी असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. पाय झीरोच्या प्रोसेसरला पूर्णांकांचा भागाकार करणारा हुकूमच नाही. तरी आपण सीमध्ये बिनधास्त ‘एकूण भागिले नग’ लिहितो आणि सरासरी तापमान बरोबर येतं. कंपायलर त्या जागी एका फंक्शनला हाक मारतो, ते फंक्शन लिबजीसीसीत असतं आणि वजाबाक्या-सरकवण्या करून भागाकार काढून देतं. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’मध्ये दोन अंडरस्कोअरने सुरू होणारं ‘एईएबीआय’ असलेलं नाव दिसलं तर समजावं की लिंकरला लिबजीसीसी मिळालेली नाही.

जीसीसी बांधायला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन गणिती लायब्ररीही लागतात. त्यांचं काम बोर्डावर नाही, लॅपटॉपवर आहे. प्रोग्राममध्ये दशांश स्थिरांक लिहिले असतील तर त्यांचं गणित कंपायलर आधीच करून टाकतो, आणि ते उत्तर बोर्डाच्या प्रोसेसरने काढलं असतं तसंच यायला हवं. लॅपटॉपच्या स्वतःच्या फ्लोटिंग पॉइंटवर तो विसंबू शकत नाही, म्हणून या लायब्ररी. जीसीसीच्या सोर्समध्येच ‘डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स’ नावाची स्क्रिप्ट असते, ती त्या आणून देते. आणि जीसीसी सोर्सच्या फोल्डरमध्ये कधी बांधू नये. शेजारी वेगळं रिकामं फोल्डर करून तिथून कॉन्फिगर चालवावं.

हे सगळं हाताने एकदा तरी करून बघावं असं मी शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते. एखादी सुट्टी त्यात जाते, पण नंतर कुठलीही टूलचेन अनोळखी वाटत नाही. विकायच्या मालासाठी मात्र हाताने बांधलेली टूलचेन वापरू नये. तिथे क्रॉसटूल-एनजी घ्या: मेनूतून प्रोसेसर, कर्नल, सी लायब्ररी यांच्या आवृत्त्या निवडायच्या, तो वरच्या सगळ्या पायऱ्या योग्य क्रमाने करतो आणि तुमची निवड एका फाइलीत लिहून ठेवतो. बोर्डावरची अख्खी प्रणालीच बनवायची असेल तर बिल्डरूट. ती निवडीची फाइल आणि उतरवलेले सोर्स प्रकल्पासोबत जपून ठेवा. सात वर्षांनी ग्राहक दुरुस्ती मागेल तेव्हा तोच कंपायलर पुन्हा उभा करता आला पाहिजे.

नवा प्रोसेसर घडवणाऱ्यांना या कामातून सुटका नसते. मार्च २०२५ मध्ये चंदीगडच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीने इस्रोला दोन ३२ बिटांचे प्रोसेसर सुपूर्द केले, विक्रम ३२०१ आणि कल्पना ३२०१. विक्रमचे हुकूम इस्रोने स्वतः ठरवलेले, त्यामुळे त्याच्यासाठी एडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर, सिम्युलेटर हे सगळं इस्रोला घरीच घडवावं लागलं. कल्पना मात्र स्पार्क व्ही८ या जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या रचनेवर बेतलेला. त्याला मुक्त सोर्सची तयार अवजारं चालतात. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही रिस्क-व्हीवर उभे आहेत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. प्रोसेसर नवा असला तरी कंपायलर पहिल्या दिवसापासून हाताशी असतो.

मापाचा कपडा

बहुतेक वाचकांना मात्र काही बांधायची गरज पडणार नाही. उबुंटू किंवा डेबियनवर ‘जीसीसी-एएआर्च६४-लिनक्स-ग्नू’ हे पॅकेज बसवलं की कंपायलर, लिंकर आणि सी लायब्ररी एकदम येतात. पहिला ‘हॅलो’ छापणारा प्रोग्राम लगेच तयार होतो. अडचण सुरू होते ती सी लायब्ररीपलीकडचं काही हवं असलं की, मग ते मॉडबसची लायब्ररी असो, एसक्यूलाइट असो की एसएसएल.

रावपुऱ्यातल्या शिंप्याकडे ब्लाउज शिवायला टाकताना आपण मापाचा ब्लाउज देतो. घालणारी बाई दुकानात नसते. शिंपी तो मापाचा ब्लाउज समोर ठेवून शिवतो. टूलचेनसाठी हे काम सिसरूट करतं. सिसरूट म्हणजे लॅपटॉपवरचं एक फोल्डर, ज्यात बोर्डावरची हेडर आणि लायब्ररी बोर्डावर असतात त्याच मांडणीत ठेवलेल्या असतात. कंपायलरला ‘--सिसरूट’ म्हणून ते फोल्डर दाखवलं की तो हेडर आणि लायब्ररी त्याच्या आतूनच घेतो.

हे फोल्डर मिळवायचा सरळ मार्ग म्हणजे बोर्डावर हव्या त्या लायब्ररींची डेव्ह पॅकेजेस (हेडरसकट येणारी) बसवायची आणि मग बोर्डाचे ‘लिब’, ‘यूएसआर’मधलं ‘लिब’ आणि ‘यूएसआर’मधलं ‘इन्क्लूड’ हे तीन भाग आरसिंक या नक्कल करणाऱ्या आज्ञेने लॅपटॉपवर आणायचे. आणल्यावर एक गोष्ट तपासाच: त्यात असलेल्या काही सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) मुळापासूनचा पूर्ण पत्ता सांगतात. बोर्डावर तो पत्ता बरोबर असतो. लॅपटॉपवर तीच लिंक लॅपटॉपच्या स्वतःच्या ‘लिब’कडे बोट दाखवते किंवा कुठेच पोचत नाही. अशा लिंक सापेक्ष पत्त्याच्या करून घ्याव्या लागतात.

लॅपटॉपचं सामान आत शिरण्याची सर्वांत मोठी वाट म्हणजे पीकेजी-कॉन्फिग. त्याला ‘एसक्यूलाइट कुठे आहे?’ विचारलं की ते इमानेइतबारे लॅपटॉपवरची जागा सांगतं. म्हणून ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ आणि ‘पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर’ ही दोन पर्यावरण चलं, मोठ्या अक्षरांत, सिसरूटकडे वळवायची. सीमेक हे बांधणीचं अवजार वापरत असाल तर वेगळी टूलचेन फाइल करून त्यात स्पष्ट सांगायचं: प्रोग्राम लॅपटॉपवरचे चालतील, हेडर आणि लायब्ररी फक्त सिसरूटमधून.

लायब्ररीची गल्लत झाली तर फारसं बिघडत नाही. लिंकर एक्स८६ ची फाइल ओळखतो आणि ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ असं म्हणून बाजूला टाकतो. हेडरची गल्लत मात्र कोणी पकडत नाही. हेडर ही साधी मजकुराची फाइल. लॅपटॉपवरच्या नव्या आवृत्तीचं हेडर आणि बोर्डावरची जुनी लायब्ररी असं मिश्रण झालं तर कंपाइल होतं, लिंक होतं आणि स्ट्रक्चरच्या आतल्या जागा दोन्हीकडे वेगळ्या असल्या की बोर्डावर चुकीचे आकडे येतात. एका तक्रारीशिवाय. म्हणूनच कंपाइलच्या आज्ञेत कुठेही लॅपटॉपच्या ‘यूएसआर इन्क्लूड’चा पत्ता दिसला की तिथेच थांबून तो आला कुठून ते शोधावं.

क्लँग हा दुसरा कंपायलर वापरणाऱ्यांना वाटतं की आपण यातून सुटलो, कारण एकाच क्लँगमध्ये सहसा अनेक प्रोसेसरांचे हुकूम लिहिण्याची सोय असते. ‘--टार्गेट’ बदलला की झालं. हुकूम लिहिण्यापुरतं ते खरं आहे. सिसरूट त्यालाही द्यावंच लागतं.

एरर काय सांगते

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली की फाइल भलत्याच प्रोसेसरची आहे. लिनक्सवर कंपाइल करून बनलेल्या प्रत्येक चालवता येणाऱ्या फाइलीच्या सुरुवातीला एल्फ हेडर असतं आणि त्यात प्रोसेसरचा क्रमांक: एक्स८६-६४ साठी ६२, ३२ बिटांच्या एआरएमसाठी ४०, एएआर्च६४ साठी १८३, रिस्क-व्हीसाठी २४३. ‘फाइल’ ही आज्ञा तो वाचून शब्दांत सांगते. बोर्डावर नेण्याआधी ही आज्ञा चालवायची सवय हाताला लावून घ्यावी.

मांजलपूरच्या एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, “ताई, एलएस केलं की फाइल समोर दिसतेय, आणि चालवायला गेलं की म्हणतंय नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. असं कसं?” फाइल आहेच. नाही तो तिला लायब्ररी जोडून चालवणारा डायनॅमिक लिंकर. प्रोग्रामच्या आत त्याचा पत्ता लिहिलेला असतो. हार्ड फ्लोट एआरएमसाठी ‘एलडी-लिनक्स-एआरएमएचएफ.एसओ.३’, एएआर्च६४ साठी ‘एलडी-लिनक्स-एएआर्च६४.एसओ.१’. कर्नल तो शोधतो, सापडत नाही, आणि संदेश असा देतो की वाचणाऱ्याला आपलीच फाइल हरवली असं वाटावं. ६४ बिटांच्या कर्नलवर ३२ बिटांची प्रणाली असेल, किंवा मसलच्या बोर्डावर जीलिबसीचा प्रोग्राम नेला असेल, तर हेच दिसतं. ‘रीडएल्फ -एल’ने आत कोणता पत्ता लिहिलाय तो पाहता येतो.

तिसरी तक्रार ‘जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ अशा रूपात येते. जीलिबसी मागे बघून चालते: जुन्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालतो, उलट नाही. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे. तिच्यासोबतच्या क्रॉस-कंपायलरने बांधलेली फाइल डेबियन ११ वर, म्हणजे २.३१ वर, नेली की हीच ओळ दिसते. २.३४ हा आकडा वारंवार दिसण्याचं कारण असं की २०२१ च्या त्या आवृत्तीत थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवा आवृत्तीचा शिक्का मिळाला. त्यामुळे अगदी ‘हॅलो’ छापणारा प्रोग्रामसुद्धा २.३४ मागतो. उपाय: बोर्डाची सी लायब्ररी असलेली टूलचेन वापरा, किंवा मसलशी स्टॅटिक लिंक करून सगळंच एका फाइलीत बांधा. छोट्या नोंदणी यंत्रासाठी मी दुसरा मार्ग पसंत करते.

चौथी ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. पाय झीरोवाल्यांनी ही नीट समजून घ्यावी. डेबियनच्या ‘एआरएमएचएफ’ (हार्ड फ्लोट) विभागाला किमान एआरएमव्ही७ लागतो. पहिला रास्पबेरी पाय २०१२ साली आला तो एआरएमव्ही६ चा, म्हणून तर त्याच्यासाठी सगळी पॅकेजेस पुन्हा कंपाइल करून रास्पबियन तयार झालं. उबुंटू-डेबियनचा ‘एआरएम-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ’ कंपायलर आजही एआरएमव्ही७ चेच हुकूम लिहितो. नाव जुळतं, करार जुळतो, फाइल सुरू होते आणि पहिल्याच अनोळखी हुकुमाला कोसळते. कंपायलरला एआरएमव्ही६ चा पर्याय देऊनही भागत नाही, कारण प्रत्येक प्रोग्रामला सुरुवातीला जोडले जाणारे तयार तुकडे त्या पॅकेजमध्ये आधीच एआरएमव्ही७ साठी कंपाइल होऊन आलेले असतात. ‘रीडएल्फ’ला मोठ्या अक्षरातलं ए दिलं की फाइल एआरएमच्या कोणत्या पिढीसाठी आहे ते छापलं जातं. पाय झीरोसाठी क्रॉसटूल-एनजीने एआरएमव्ही६ ची वेगळी टूलचेन बांधावी, हा सरळ मार्ग.

न ओरडणाऱ्या चुका

फाइल चालली म्हणजे संपलं असं नाही. सीमधला साधा ‘कॅर’ लिनक्सच्या एक्स८६ वर चिन्हासकट असतो, एआरएमवर चिन्हाविना. आइस्क्रीमच्या शीतगृहाचं तापमान उणे १८ अंश. ते ‘कॅर’मध्ये ठेवलंत तर लॅपटॉपवर उणे १८ दिसेल आणि बोर्डावर २३८. याच कारणाने ‘गेटकॅर’चं उत्तर ‘कॅर’मध्ये घेऊन ईओएफशी (फाइल संपल्याची खूण, उणे १) तुलना करणारं लूप एआरएमवर कधीच थांबत नाही. ‘लाँग’ हा प्रकार ६४ बिटांच्या लिनक्सवर ८ बाइटचा, ३२ बिटांच्यावर ४ चा. यंत्र सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ‘लाँग’मध्ये मोजलेत तर लॅपटॉपवर काही होणार नाही, बोर्डावर सुमारे २५ दिवसांनी आकडा उलटून ऋण होईल. ग्राहकाकडे बसवून झाल्यावर. म्हणून जिथे आकार महत्त्वाचा तिथे ‘इंट८_टी’, ‘इंट६४_टी’ अशी आकार सांगणारी नावंच वापरावीत.

यांतल्या बऱ्याच चुका बोर्डाविनाही पकडता येतात. क्यूईएमयू हा फाब्रीस बेलार यांनी सुरू केलेला एम्युलेटर. त्याचा यूजर मोड एआरएमचा प्रोग्राम थेट लॅपटॉपवर चालवतो. ‘क्यूईएमयू-एआरएम’ला ‘-एल’ मोठ्या अक्षरात देऊन सिसरूट दाखवायचं आणि पुढे प्रोग्रामचं नाव. ‘कॅर’ची आणि ‘लाँग’ची गडबड तिथे लगेच उघडी पडते. काही सांगितलं नाही तर क्यूईएमयू बराच नवा प्रोसेसर धरून चालतो, त्यामुळे ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ पकडायची असेल तर ‘-सीपीयू’मध्ये एआरएम११७६ (पाय झीरोचा प्रोसेसर) सांगावं लागतं. वेळेचं गणित आणि आरएस-४८५ ची तार मात्र खऱ्या बोर्डावरच तपासावी.

बोर्डावर प्रोग्राम कोसळतच असेल तर तिथे जीडीबीसर्व्हर चालवायचा आणि लॅपटॉपवर जीडीबी-मल्टिआर्च हा डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत बघणारं अवजार. जीडीबीलाही ‘सेट सिसरूट’ने तेच फोल्डर दाखवावं लागतं, नाहीतर लायब्ररीच्या आतली फंक्शनं त्याला नुसते पत्ते म्हणून दिसतात. बोर्डावर जाणारी फाइल ‘स्ट्रिप’ करून, म्हणजे डीबगची माहिती काढून, लहान करायला हरकत नाही, पण टूलचेनमधलाच स्ट्रिप वापरा, लॅपटॉपचा नव्हे. स्ट्रिप न केलेली मूळ फाइल प्रत्येक आवृत्तीच्या क्रमांकासह लॅपटॉपवर ठेवा. ग्राहकाकडच्या नोंदीत कोसळल्याचा पत्ता आला की ‘एडीडीआर२लाइन’ त्याच फाइलीतून सोर्सची नेमकी ओळ काढून देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधलेल्या फाइलीतून तोच पत्ता भलत्या ओळीवर नेऊ शकतो.